पाहणीच्या पेटीने दाबून ठेवलेला फॉर्म

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, हे सांगायला मला काही वाटत नाही. मी जळकुकडी आहे, हे सांगताना मात्र जड जातं. पण मित्रांनो, आज सगळं सांगायचंच ठरवलं आहे, तर तेही आधीच सांगून टाकते. मी वर्षानुवर्षं एका स्टुलावर जळले. हो, स्टुलावर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसू येणार नाही.

माझा जन्म महाविद्यालयाच्या सुतारकामाच्या शेडमध्ये झाला. परीक्षेचे जुने बाक मोडले होते, त्यांच्या चांगल्या फळ्या निवडून सुतारकाकांनी मला केलं. त्यांनी रंधा मारला, कोपरे जुळवले, वर एक लांबट फट ठेवली आणि पुढे कुलूप बसवलं. फॉर्म पडताना आवाज होऊ नये म्हणून तळाला हिरवं कापड चिकटवलं. छातीवर पितळेची पट्टी ठोकली आणि मला हातभर लांब धरून ते म्हणाले, "झकास झाली!" तेवढ्या एका शब्दावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

मला मुलींच्या वसतिगृहात, तळमजल्याच्या बोळात टांगलं. पहिल्या दिवशी प्राचार्य बाईंनी स्वतःच्या हाताने पहिला कोरा फॉर्म माझ्यात टाकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "आता मुलींच्या मनातलं या पेटीला आधी कळेल." ऐकून मी जी फुगले ती फुगलेच. लाकडाला फुगायची सवय असतेच म्हणा.

माझं काम काय होतं ते सांगते. वर्षातून एक आठवडा पाहणी व्हायची. प्रत्येक मुलीला एक फॉर्म मिळायचा. त्यात खोली कशी आहे, पाणी वेळेवर येतं का, जेवण कसं आहे, शेजारच्या खोलीतून गोंगाट होतो का, असे प्रश्न असायचे. मग सल्लागार सरांबद्दल असायचे. ते भेटतात का, विषय निवडताना मदत करतात का, त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं का. प्रत्येक प्रश्नापुढे एक ते पाच आकडे, आवडेल त्याला गोल करायचा. फॉर्मवर नाव लिहायचं नसे, कोपऱ्यात खोलीचा आणि खाटेचा आकडा तेवढा असे. फक्त सरांना भेटायचं असेल, तर अगदी खाली एक चौकोन होता. त्यात खूण करायची आणि नाव लिहायचं. अशा मुलींची यादी व्हायची आणि सर त्यांना तीन दिवसांत बोलावून घ्यायचे.

शनिवारी कार्यालयातले कारकून येऊन मला उघडायचे. मुली त्यांना बेरीजकाका म्हणायच्या, कारण त्यांना बेरजेखेरीज कशातच गोडी नव्हती. फॉर्मच्या मागच्या बाजूला 'आणखी काही सांगायचे असल्यास' म्हणून चार ओळी सोडलेल्या असत, पण त्या काका वाचतच नसत. त्यांची बेरीज होत नाही ना! आणि त्यांचा एक नियम होता. ज्या मुलीचा फॉर्म आलाच नाही, तिच्या खोलीपुढे ते सरळ 'तक्रार नाही' असं लिहून मोकळे व्हायचे.

आता खरं सांगू? माझ्यात कधी कुणी मनातलं टाकलंच नाही. मुली भिंतीला टेकून, नाहीतर मैत्रिणीच्या पाठीवर फॉर्म ठेवून, वरपासून खालपर्यंत चार, चार, चार, चार असे गोल करायच्या आणि जेवायला पळायच्या. पाणी चार, गोंगाट चार, सर चार. एकदा तर एकीने फॉर्मऐवजी केसाची पिन टाकली. कुलूप आहे, पितळेची पट्टी आहे, आणि आत काय, तर चौकार!

आणि माझ्यासमोर, चार पावलांवर, चादरींची खोली होती. दर आठवड्याला मुली तिथे वापरलेली चादर आणि उशीची खोळ आणून द्यायच्या आणि धुतलेली न्यायच्या. खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणायच्या. मावशींना मोजून, घडी घालून द्यायला जरा वेळ लागे, तेवढ्यापुरतं बसायला दाराशी एक लोखंडी स्टूल होतं. पोपडे उडालेलं, डुगडुगतं, एका पायाखाली पुठ्ठा. त्याला ना कुलूप, ना पट्टी. पण त्याच्यावर बसली की मुलगी बोलायला लागायची! परीक्षेची भीती, घरची भांडणं, खोलीतली अबोला धरलेली मैत्रीण, सगळं भडाभडा बाहेर. मावशी घड्या घालता घालता "बरं", "मग?", "अगं बाई!" एवढंच म्हणायच्या.

माझा नुसता तिळपापड व्हायचा. ते गुपित माझं होतं, माझ्या हक्काचं! प्राचार्य बाईंनी मला सांगितलं होतं, त्या ठोकळ्याला नव्हे. आणि मावशींना तर विचारावंही लागत नसे. खोळ हातात घेतली, बोटांनी चाचपली, की त्या म्हणायच्या, "का गं, रडलीस का काल?" रडून भिजलेली आणि वाळलेली खोळ जरा कडक लागते म्हणे. मी पाच आकडे घेऊन वर्षभर वाट बघायची, आणि यांना एका खोळीत कळायचं. जळू नको तर काय करू?

अशात एका वर्षी ती आली. पहिल्या वर्षाची मुलगी होती. काहीही बोललं की "पुन्हा सांग ना" म्हणायची, म्हणून मुलींनी तिचं नावच 'पुन्हा सांग' ठेवलं होतं. तीही हसायची, पण तेवढ्यापुरतंच. स्टुलावर ती कधी बसली नाही. चादर द्यायची, उभ्या उभ्या दुसरी घ्यायची आणि निघायची. मावशी मागून हाक मारायच्या, ती वळायचीसुद्धा नाही. मला तर तेवढ्यावरूनच ती आवडली.

पाहणीच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, बोळ रिकामा असताना ती माझ्यापाशी आली. तिच्या फॉर्मवर चौकार नव्हते. मागच्या चारही ओळी भरल्या होत्या, आणि जागा पुरली नाही म्हणून कडेनेही लिहिलं होतं. तिने फॉर्मची बारीक घडी केली, फटीत सरकवली आणि आत पडल्याची खात्री करायला बोटाने मला दोनदा ठोकलं.

मी तो फॉर्म वाचला. तिला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं. वर्गात तिची जागा शेवटच्या रांगेत होती, आणि एका विषयाचे प्राध्यापक तर फळ्याकडे तोंड करूनच शिकवायचे. तिला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. लाजेने तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. 'पुढच्या बुधवारपर्यंत विषय बदलता येतो असं सूचनेत आहे. बदलू की नको ते मला ठरवता येत नाही. कृपया मला लवकर बोलवा,' असं तिने लिहिलं होतं. चौकोनात ठळक खूण होती, खाली नाव.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तिच्या दुःखाचा नव्हे हो, माझ्या मानाचा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्टुलाला सोडून मला काही सांगितलं होतं. हा माझा फॉर्म होता. बेरीजकाका त्याची बेरीज करणार आणि मागची बाजू न बघता गठ्ठ्यात बांधणार, हे काही मला बघवणार नव्हतं. तळाचं हिरवं कापड एका कोपऱ्यात उखडलं होतं. फॉर्म तिथून कापडाखाली, फळ्यांच्या फटीत घसरला. मी त्याला घसरू दिलं आणि फट आवळून घेतली. शनिवारी काकांनी मला उघडलं, फॉर्म काढले, हात फिरवला. मी अंग चोरून बसले. आणि काकांनी तिच्या खोलीपुढे लिहिलं, 'तक्रार नाही'.

रविवार गेला, सोमवार गेला. सर एकेकीला बोलावत होते. ती रोज बोळात येऊन सूचनाफलकावरची यादी वरून खाली आणि खालून वर वाचायची. मंगळवारी आली. बुधवारी तर तीनदा आली. मी मनात म्हणत होते, असू दे, तुझं मन माझ्यापाशी जपून आहे. जपून! काय पण माझी अक्कल. बुधवारची मुदत संपली.

गुरुवारी सकाळी ती दोन्ही चादरी, खोळ आणि पांघरूण घेऊन आली. पाठीला मोठी पिशवी होती. मावशींनी तो ढीग बघितला आणि विचारलं, "बदलायला आलीस की परत द्यायला?"

"परत," ती म्हणाली. "घरी चाललेय. मला नाही झेपत."

"घरी ठाऊक आहे?"

"नाही. बाबांना जाऊनच सांगेन."

मावशींनी ढीग बाजूला ठेवला आणि स्टूल पुढे ओढलं. "बस. पाच मिनिटं बस, मग जा. मी काही तुला धरून ठेवणार नाही."

आणि ती बसली. माझी ती मुलगी त्या स्टुलावर बसली आणि सगळं सांगितलं. कान, शेवटची रांग, फळ्याकडे तोंड करणारे प्राध्यापक, सगळं. खोटं कशाला बोलू, तेव्हाही आधी मी जळलेच.

"अगं, मग सरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. फॉर्मात लिहिलं होतं. त्यांनी बोलावलं नाही. सगळ्यांना बोलावलं, मला नाही. म्हणजे वाचूनही बोलवावंसं वाटलं नसेल."

मित्रांनो, तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसले होते.

मावशी घड्या टाकून उठल्या आणि पदराला हात पुसत तरातरा गेल्या. येताना त्यांच्यासोबत सल्लागार सर होते आणि मागून यादी घेऊन बेरीजकाका. सर भला माणूस. घाईत असायचे, पण भले. त्यांनी यादी दोनदा पाहिली. "बेटा, तुझं नाव यात नाही गं."

"फॉर्म आलाच नाही साहेब," काका म्हणाले. "पेटी मी स्वतः उघडली. फॉर्म नाही म्हणजे तक्रार नाही. मुदत संपली की आठवतं या पोरींना."

ते तिच्या डावीकडे उभे होते. ती म्हणाली, "काय म्हणालात?"

काकांना वाटलं ती मुद्दाम करते आहे. ते ओरडले, "तू फॉर्म टाकलाच नाहीस, असं म्हणालो!"

बोळातल्या मुली थबकून बघायला लागल्या. तिचा चेहरा लालबुंद झाला. "टाकला होता," एवढंच ती म्हणाली आणि पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला.

"थांब," मावशी म्हणाल्या. "काका, पेटी उतरवा."

"अहो, मी बघितलीय ना!"

"मग आणखी एकदा बघा. झिजणार आहे का?"

काकांनी मला खिळ्यावरून काढलं, उघडलं, उलटं केलं आणि गदागदा हलवलं. आणि मित्रांनो, ऐकायला बरं वाटणार नाही, पण तेव्हाही मी सोडला नाही. फॉर्म बाहेर पडला तर सगळ्यांना कळणार की मी तो दाबून ठेवला होता. मला अडगळीत टाकणार, आणि ते डुगडुगतं स्टूल इथेच मिरवणार. माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. एक मुलगी सगळ्यांदेखत खोटी ठरत होती आणि मला माझ्या खिळ्याची पडली होती.

"बघा, काही नाही," काका म्हणाले. ती बाहेरच्या दाराकडे चालू लागली. ती रडत नव्हती, वादही घालत नव्हती. आपलं कुणी ऐकणार नाही हे तिला आधीच पटलं होतं, आणि ते मी पटवलं होतं.

मावशींनी काकांच्या हातून मला ओढून घेतलं आणि ठसका लागलेल्या पोराच्या पाठीत घालावी तशी एक थाप माझ्या पाठीत घातली. हाताला जोर होता त्यांच्या. पण फॉर्म थापेने नाही सुटला. मी सोडला.

घडी केलेला कागद फरशीवर पडला. सरांनी उचलून उलगडला. पुढची बाजू वाचली, मागची वाचली, कडेचं वाचायला कागद फिरवला. मग ते भराभर चालत दारापाशी गेले, तिला ओलांडून तिच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या आठवड्यात लिहिलं होतंस. मी आज वाचतोय. चुकलं आमचं. पिशवी खाली ठेव बेटा, आपण बोलू."

तिने त्यांच्याकडे बघितलं, मग यादीकडे, मग माझ्याकडे. आणि तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडली. मावशी तिच्याजवळ बसल्या. काकांनी यादीची सुरळी केली. शेवटी म्हणाले, "मी ओरडायला नको होतं." तेही उजवीकडे येऊन म्हणाले.

ती गेली नाही. तिला पुढच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात जागा मिळाली, म्हणजे चांगला कान वर्गाकडे राहतो. पण तो विषय काही बदलता आला नाही. सर कुठे कुठे जाऊन भांडले, तरी मुदत ती मुदत. ती त्यात नापास झाली आणि पुढच्या वर्षी तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. ते माझ्यामुळे झालं. कुणी मला बोल लावला नाही, सगळे म्हणाले, "बिचारी जुनी पेटी, कापड उखडलं होतं." तेच मला जास्त लागतं.

मला अडगळीत टाकलं नाही. सुतारकाकांनी कापड काढून टाकलं, फट बुजवली. आता फॉर्मची मागची बाजूही वाचतात, आणि ज्या खोलीचा फॉर्म येत नाही, तिथे बेरीजकाका स्वतः जाऊन दार वाजवतात. मुली म्हणतात, काका सुधारले.

मित्रांनो, तुमच्यापाशी कुणी मन मोकळं केलं, तर ते तुमच्या मोठेपणासाठी केलेलं नसतं. त्याला मदत हवी असते. ज्याच्या हातून ती होईल त्याच्यापर्यंत त्याला पोचवा. मग तो तुम्हाला आवडत नसलेला का असेना, तुमच्यापेक्षा साधा का असेना.

पुढच्या वर्षी पाहणीच्या आठवड्यात ती पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली, हातात भरलेला फॉर्म घेऊन. तिने तो फटीपर्यंत आणला. कोपरा आत आलासुद्धा, शाईचा वास मला आला. मी म्हटलं, टाक गं, एकदा टाकून बघ, या वेळी एक क्षणही ठेवणार नाही.

तिने जरा विचार केला, फॉर्म परत ओढून घेतला आणि सरांच्या हातात द्यायला जिना चढून गेली.