हुलगेवाडीचा महापूर

त्या वर्षी सांगोल्याच्या अंगाला असा दुष्काळ पडला की माळावरचे सरडे सावलीसाठी एकमेकांच्या पोटाखाली शिरत. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या आणि पुष्य तर आला कधी नि गेला कधी, कुणाला कळलंसुद्धा नाही. हुलगेवाडीच्या मायाक्का धनगरणीची मेंढरं दगड चाटून दिवस काढत होती. वर डोंगरावर सरकारी कुरण होतं, त्यात गुडघाभर गवत उभं होतं. पण ते फाटक दुष्काळ ठरल्याशिवाय उघडायचं नाही, असा नियम. आणि कागदावर हुलगेवाडीत पाऊस धो धो पडत होता.

"कागदच भिजला आसंल," म्हणत मायाक्का तडक मामलेदाराच्या कचेरीत गेली.

मामलेदार शिकलेला माणूस. आभाळाकडे बघायची त्याला गरजच नव्हती. त्यानं सिमल्याच्या हवामानखात्याकडून आलेलं पत्रक काढलं. "बाई, यंदा हिमालयात बर्फ कमी पडलाय. तिकडं बर्फ कमी, की इकडं पाऊस जास्त, असं शास्त्र आहे. तुमच्या गावचं पाऊस मोजायचं यंत्रही तेच सांगतंय."

मायाक्कानं बर्फ एकदाच पाहिला होता, सोलापुरात सोडावॉटरच्या दुकानात, भुशात गुंडाळलेला.

"सायेब, त्यो बर्फ ठेसनावनं दुकानात येस्तवर निम्मा व्हतो. आन् त्येच्या जिवावर मी मेंढरं जगवू व्हय?"

"शास्त्रापुढं वाद नाही."

"वाद कुटं घालतीय? शास्त्राचं प्वाट भरलंय, मेंढरांचं न्हाय, येवढंच."

तिथून ती निघाली ती थेट आबासाहेब पाटलाच्या अंगणात. यंत्र तिथंच होतं: दगडी ओट्यावर पितळी नरसाळं आणि त्याखाली बाटली. बघते तर काय, नरसाळ्याला हळदकुंकू, गळ्यात झेंडूची माळ आणि पुढं तांबे घेतलेल्या बायकांची रांग! पाऊस रुसला की महादेवाला पाण्यात कोंडायची गावाची जुनी रीत. त्यात सरकारनं ओट्यावर बसवलेला हा पितळी देव पावसाचाच आहे, एवढं बायकांच्या कानावर आलेलं. मग काय, पाऊस जितका लांबला तितकं देवाला पाणी जास्त, आणि देवाला पाणी जितकं जास्त तितका कागदावर पाऊस जास्त!

"पाटील, ह्यो काय तमाशा?"

"भक्ती हाय. भक्तीला कसं आडवावं?"

"आन् तांब्यातलं पानी पाऊस म्हून कळवताय?"

"बाटलीत पानी किती, येवढंच सरकार इचारतंय," आबासाहेब मिशीवर बोट फिरवत म्हणाला. "कुटनं आलं, ह्ये कुटं इचारलंय?"

खरी गोम अशी, की मामलेदारानं चारचौघांत त्याची पाठ थोपटली होती: पावसात तुमचं गाव तालुक्यात पहिलं! तेव्हापासून पाटलाचा फेटा असा फुगला होता, की जणू ढग त्यातूनच सुटतात. तो काही हलणार नव्हता. आणि धनगरणीचं ऐकून मामलेदार शास्त्र मोडणार नव्हता.

मायाक्का बायकांकडे वळून कडाडली, "अगं भवान्यांनू, तांब्यानं कुटं देव पावतो? हिमालयातला देव हाय ह्यो, सायेब सोता म्हनालं. घागरी आना, घागरी!"

बायकांनी पाटलाची विहीर उपसली. बाटली भरायची, पाटील मोजून रिकामी करायचा, ती परत भरायची. आकडा कमी लिहावा तर पहिला नंबर जातो; तो लिहीतच गेला. अख्ख्या कोकणानं मान खाली घालावी असा पाऊस हुलगेवाडीनं पाडला.

आठवडा सरतो न सरतो तोच मामलेदार पूरग्रस्तांना वाचवायला आला. गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर छत्री, बरोबर दोन पट्टीचे पोहणारे आणि बैलगाडीवर चढवलेली भीमेतली नाव! धुरळा असा, की गावाला नाव दिसेना आणि नावेला गाव. तहानलेले बैल पाटलाच्या विहिरीवर गेले आणि तळातला बेडूक बघून परत आले.

"पूर कुठंय?" मामलेदार ओरडला.

पाटील फेटा सावरत बसला. मायाक्का म्हणाली, "आला की सायेब! कागदावनं वाहत पार पुन्यापतुर गेला."

आणि गेलाच होता. पुण्याहून सिमल्यालाही गेला होता. आपला बर्फ खरा ठरला म्हणून तिथली विद्वान मंडळी खुशीत होती. आता पूर मागं घ्यावा तर पाटलाची पाटीलकी जाते, मामलेदाराची बढती जाते आणि वर हिमालय खोटा पडतो. मामलेदाराला घाम फुटला. त्या दिवशी हुलगेवाडीत पडलेलं पाणी तेवढंच.

"मागं कशापायी घेता? ऱ्हाऊ द्या की पूर," मायाक्का म्हणाली. "पूर आला की जनावरं उंचावर न्यायला सरकार न्हाय म्हनत न्हाय. कुरन डोंगरावर हाय."

मामलेदारानं तिच्याकडे विंचवाकडे बघावं तसं बघितलं, आणि नावेत बसूनच हुकमावर सही केली.

दुसऱ्या दिवशी कुरणाच्या फाटकावर राखणदारानं हुकूम दोनदा वाचला आणि मेंढरांकडे बघितलं. "बाई, ही तर धुरळ्यानं माखल्यात की! पुरातनं आली म्हनं?"

"गाळ वाळलाय त्येचा," मायाक्का म्हणाली. "उघड फाटक."