सतरा इंची चाकं

मित्रांनो, तुमच्यासमोर उभी आहे ती सव्वीस वर्षांची, दोन दारांची, बुटकी निळी गाडी. बॉनेटवरचा रंग उन्हाने विटला आहे, पण माझी चाल अजून तरतरीत आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझं एकाच गोष्टीसाठी कौतुक व्हायचं, की वळणावर ही गाडी झुकत नाही. पायांत चौदा इंची चाकं होती, आणि मला त्यांत काही उणं वाटत नव्हतं.

मला घेतलं एका तरुण बाईने. ती दातांच्या कवळ्या बनवायची. मेण आणि प्लास्टर हाताळून तिची बोटं इतकी तयार झाली होती, की कवळीवरचा केसभर उंचवटा तिला डोळ्यांआधी बोटांनी कळायचा. घरात सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

पस्तिशीत ताईला मोठा ताप आला आणि जाताना तिचे कान घेऊन गेला. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायला शिकली. घरच्यांनी काळजीपोटी माझी किल्ली कपाटात ठेवून दिली. महिन्याभराने एका सकाळी ताईने किल्ली काढली, मला मोकळ्या मैदानात नेलं आणि तळहात स्टिअरिंगवर ठेवून गोल गोल फिरत राहिली. गिअर बदलायची वेळ झाली की कंप कसा वाढतो, हवा कमी झालेल्या चाकाकडे स्टिअरिंग कसं ओढ घेतं, हे सगळं ती हातांनी शिकली. रीतसर तपासणी झाली आणि परवाना कायम राहिला. तेव्हापासून मी बोलायचे आणि ती तळहातांनी ऐकायची. अशी पंधरा वर्षं सुखात गेली.

वरच्या मजल्यावर ताईचा धाकटा भाऊ राहतो. मनाने सोन्यासारखा, पण हौसेच्या पुढे त्याला काही दिसत नाही. माझ्या चाकांना कोणीतरी बाबागाडीची चाकं म्हणालं, ते त्याच्या मनाला लागलं. ताईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सतरा इंची चाकं बसवायची, असं त्याने गुपचूप ठरवलं. गल्लीच्या टोकाला एक टायरवाला आहे. त्याच्या गळ्यात कायम मोजपट्टी असते, म्हणून लोक त्याला टेपमास्तर म्हणतात. त्याने वाकून पाहिलं, मोजलं आणि मान हलवली.

“लहान तोंडी मोठा घास होईल हा,” तो म्हणाला.

भावाला ते पटलं नाही. त्याने मला दुसऱ्या दुकानात नेलं.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मीही हुरळले. चकचकीत चाकं, वर पातळ टायर. काचेच्या दारात स्वतःला पाहून मीच मला ओळखलं नाही. ताईने भावाच्या गालावरून हात फिरवला. पण गल्लीच्या वळणावर पोचेपर्यंत माझं मला कळलं. स्टिअरिंग जड झालं होतं. चाकांचा घेर वाढल्यामुळे काटा पन्नास दाखवायचा तेव्हा मी त्याहून जोरात धावत असायचे. आणि पातळ टायरमुळे रस्त्यावरचा खडा न् खडा थेट ताईच्या हातांपर्यंत पोचू लागला. एका माणसाचं बोलणं ऐकायचं असताना दहा माणसांनी एकदम कलकलाट करावा, तसं तिला झालं. भावाचं मन मोडू नये म्हणून दोन महिने तिने अवाक्षर काढलं नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी सगळे फिरायला निघाले. ताई चालवत होती, भाऊ शेजारी, मागे आई आणि भावजय. परतताना उतारावर मागच्या वजनाने मी खाली दबले आणि डावं मागचं चाक मडगार्डच्या कडेला घासू लागलं. मी जीव तोडून सांगत होते. भावाला तो आवाज ऐकू आला, पण त्याला वाटलं रस्ताच खराब आहे. ताईला त्याचा अर्थ कळला असता, पण तिच्या हातांत नुसता कलकलाट होता. अखेर जळक्या रबराचा वास आला आणि ताईने मला अलगद कडेला घेतलं. टायरची बाजू कापली गेली होती, आतले धागे दिसत होते. पुढे तीन मोठी वळणं होती.

भाऊ चाकाजवळ बसला तो उठेचना. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“कवळी केसभर मोठी झाली, तर माणूस हसू शकतो, जेवू शकत नाही,” ती म्हणाली. “तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. चूक दोघांची, अर्धी अर्धी.”

आई आणि भावजय बसने घरी गेल्या. मी उचलगाडीच्या पाठीवर बसून आले, ती थेट टेपमास्तरच्या दारात. ‘मी सांगितलं होतं’ असं तो म्हणाला नाही. चौदापेक्षा एक इंच मोठं चाक चालेल, पण टायरसकट उंची जुनीच हवी, असं त्याने भावाला समजावलं. पंधरा इंची चाकं चढली. तरी घासणार नाही कशावरून, हा प्रश्न ताईने सोडवला. जबड्याचा ठसा घेतात तसं मऊ मेण तिने मडगार्डच्या आत थापलं. आई, भावजय मागे बसल्या, टेपमास्तरही अंग चोरून मधे बसला, आणि ताईने मला गतिरोधकावरून नेलं. परत आल्यावर तिने मेणावरून बोट फिरवलं. त्यावर ओरखडाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊ तिच्या शेजारी येऊन बसला. डोळे मिटून, कानांत बोटं घालून त्याने गुडघा माझ्या दाराला टेकवला. ताई हसली, पण थांबवलं नाही तिने. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले आणि तिच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, “आत्ता पूल गेला ना?”

“गेला,” ताई म्हणाली. “आता पुढचं ऐक.”

मित्रांनो, आम्हा जुन्या गाड्यांना नटवा. आम्हालाही नटायला आवडतं. फक्त आधी नीट मोजा, आणि जिचे हात रोज आमच्यावर असतात, तिला एकदा विचारा. आम्ही काय म्हणतो ते तिला ठाऊक असतं.