राणीचा डावा डोळा

इंदुबाईंनी ब्रश उचलला आणि पुन्हा वाटीच्या काठावर ठेवला. समोरच्या गणपतीचा उजवा डोळा काढून झाला होता. डावा राहिला होता, आणि तो उजव्याच्या रेषेत बसेल की नाही याची त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच खात्री वाटेना.

पेणच्या काळुरामशेठच्या कारखान्यात त्या तीस वर्षं गणपतींचे डोळे काढत होत्या. या कामाला आखणी म्हणतात. मूर्ती घडवणारे, घासणारे, रंग मारणारे पुष्कळ मिळतात. आखणीचा हात एखादाच. डोळे काढेपर्यंत गणपती रांगेतला एक नग असतो, कोणीही उचलावा नि कुठेही ठेवावा. डोळे काढले की त्याच्यासमोर पाय पसरायचीही चोरी. या कारखान्यात एक नियम होता, तो इंदुबाईंनी काळुरामच्या वडिलांकडून घेतला होता आणि पुढे सगळ्यांच्या डोक्यात बसवला होता: एक डोळा काढून उठायचं नाही. घराला आग लागली तरी आधी दुसरा डोळा काढायचा, मग बादली शोधायची.

त्यांनी दुसरा काढला, ब्रश धुतला आणि मान वळवली. काळुराम मागेच उभा होता.

"मावशी, जरा बोलायचं होतं," तो म्हणाला. इंदुबाई कामाला लागल्या तेव्हा हा चड्डीत पळायचा. "मुंबईचा व्यापारी काल तीन नग परत ठेवून गेला."

"कशापायी?"

"डावा डोळा वर चढलाय. तांदळाच्या दाण्याएवढा."

"तांदळाचा दाना म्हंजे केवढा तो?"

"दुसऱ्याच्या हातचा असता तर मी बी काय बोललो नसतो. तुमच्या हातात तांदळाचा दाना म्हंजे डोंगर हाय, मावशी."

खोटं असतं तर इंदुबाई भांडल्या असत्या.

"यंदा तुम्ही पीतांबर रंगवा," काळुराम खाली बघत म्हणाला. "डोळे मैना काढंल. तुम्ही तिला शिकवा."

मैना पलीकडे दागिन्यांना सोनेरी लावत होती. पस्तिशीची, दोन मुलांची आई, दहा वर्षं याच कामावर. तिने ऐकलं नाही असं दाखवलं, पण तिचा ब्रश थांबला होता.

"डोळे शिकवून येत नाय," इंदुबाई म्हणाल्या. त्यांनी आपला शून्य नंबरचा बारीक ब्रश फडक्यात गुंडाळून कमरेला खोचला आणि भर दुपारी घरी निघाल्या.

डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं की डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. ऑपरेशन करू, तांदूळ निवडाल, पोथी वाचाल. पण केसासारख्या रेघांचं मात्र सांगता येत नाही. इंदुबाईंनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जगात त्यांनी केलेलं असं एकच काम होतं की ज्यासाठी लोक त्यांचं नाव घेत, आणि तेच हातातून चाललं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसटी पकडली आणि रोह्याला धाकट्या बहिणीकडे, शांतीकडे गेल्या.

शांतीचा नवरा महिपती धाटावला कंपनीत बॉयलरवर होता. घरात शिरल्याबरोबर भिंतीवर मोठं कॅलेंडर दिसलं. ते दोन वर्षांपूर्वीचं होतं. यंत्र पुरवणाऱ्या कुठल्या परदेशी कंपनीनं पाठवलेलं. महिपतीच्या साहेबांनी निवृत्त होताना ते त्याला दिलं होतं आणि एकेका चित्राची गोष्टही सांगितली होती. तेव्हापासून या घरात पाहुण्याला आधी पाणी, मग कॅलेंडर आणि मग चहा मिळत असे.

"बारा महिन्यांत सगळी दुनिया हाय, बाय," महिपती म्हणाला आणि त्याने जानेवारीचं पान हातात धरलं. "ही इटलीची बाई. हसते का नाय हसत, पाचशे वर्सं लोक भांडतात."

इंदुबाई उठून जवळ गेल्या. उजवा डोळा त्यांनी कागदाला जवळजवळ टेकवलाच.

"हिला भुवया नायत," त्या म्हणाल्या.

महिपती चपापला. दोन वर्षं तो हे चित्र दाखवत होता. "खरंच की गो," तो शांतीला म्हणाला, "आपल्याला कवा दिसलंच नाय."

पुढचं पान जपानचं. एवढी मोठी लाट, तिच्या पोटात लांबट होड्या, त्यांत वाकून चिकटलेली माणसं. इंदुबाईंचा जन्म धरमतरच्या खाडीवरचा, बाप मिठागरात राबणारा; पाणी त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. "होडीचा तांडेल शहाना हाय," त्या म्हणाल्या. "तोंड लाटेवर धरलंय. आडवी घातली असती तर कवाच गेली असती." मग अजिंठ्याचा तो हातात कमळ धरलेला, त्याच्याकडे त्या खूप वेळ बघत राहिल्या. पापण्या खाली, नजर आतल्या आत. "असा डोळा मला एकदा तरी जमाया पायजे होता," त्या म्हणाल्या. तंजावरकडचा नाचणारा शंकर बघून त्यांनी आधी त्याच्या एका पायावर किती वजन येतं ते पाहिलं आणि मातीत हे होणार नाही, हे ओतकाम आहे, असा निर्वाळा दिला. महिपतीच्या तोंडची गोष्ट राहूनच गेली.

एका पानावर हात तुटलेली दगडी बाई होती. "ही मोडलीय," इंदुबाई म्हणाल्या. "भंगलेली मूर्ती भिंतीवर?"

"त्यांच्यात टाकत नायत. राजवाड्यात ठेवलीय तिला."

"आमच्याकडं असती तर दुसऱ्या दिशी खाडीत."

असं करत करत ते नोव्हेंबरला आले आणि तेवढ्यात भोंगा वाजला. महिपती दुपारच्या पाळीला निघाला. "इजिप्तची रानी," जाता जाता तो म्हणाला. "हिचं उद्या सांगतो."

चित्रात फक्त मान आणि डोकं होतं. निळा उंच मुकुट, लांब मान, मिटलेले ओठ. इंदुबाईंनी कितीतरी मूर्ती पाहिल्या होत्या, पण अशी मान पाहिली नव्हती. त्या मानेवरून हात फिरवावासा वाटला. मग त्यांची नजर वर गेली आणि तिथेच अडकली. राणीला उजवा डोळा होता, काळाभोर, जिवंत. डाव्या डोळ्याच्या जागी नुसती पांढरी खाच होती.

त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. कोणीतरी एक डोळा काढून उठलं होतं. तो कारागीर मेला असेल का? त्याला बोलावणं आलं असेल? की त्याचीच नजर गेली असेल आणि शेठने त्याला पीतांबर रंगवायला बसवलं असेल? स्वतःच्याच विचाराचं त्यांना हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

सकाळी महिपती झोपला होता, शांती बाजारात गेली होती. इंदुबाईंनी कॅलेंडर खाली उतरवलं, शांतीच्या डबीतलं काजळ बोटावर घेतलं, त्यात थेंबभर खोबरेल घातलं आणि कमरेचा ब्रश काढला. उजवा डोळा समोर होताच, त्याच्यावरून डावा काढायला किती वेळ? वरची रेघ, खालची रेघ, मधे बुबुळ. चहा व्हायला लागतो तेवढा वेळ लागला. त्यांना फार मोठं ऋण फेडल्यासारखं वाटलं.

महिपती तोंड धुऊन आला आणि कॅलेंडरसमोर तसाच उभा राहिला. टॉवेल खांद्यावरून खाली पडला तरी त्याने उचलला नाही.

"बाय, ह्ये काय केलंत?"

"राहिला होता. पुरा केला."

"राहिला नवता ओ. ती तशीच हाय. मूळचीच." तो खाली बसला. आवाज चढवायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि मोठ्या मेहुणीवर तर नाहीच. पण चेहरा पडला होता. "तीन हजार वर्सं एकाच डोळ्याची हाय ती. जर्मनीत ठेवलीय. लोक तिकीट काढून बघाया जातात. दुसरा डोळा काढावा आसं कुनाला वाटलं नाय आजवर."

"वाटलं आसंल," इंदुबाई म्हणाल्या. "हात पोचला नसंल."

महिपतीला हसू आवरलं नाही, आणि मग दोघांचाही ताण गेला. "साहेब सांगत होतं," तो म्हणाला, "ती देवळात नाय घावली, राजवाड्यात बी नाय. मूर्ती करनाऱ्याच्या कारखान्यात घावली. काही लोक म्हनतात डोळा पडला. काही म्हनतात, त्या वस्तादानं मुद्दाम आर्धी ठेवली. शिकनाऱ्यांना दाखवाया. ह्यो मी बसवला, आता ह्याच्यावरून बाकीचं तुमी करा. खरं-खोटं त्यालाच ठाव."

महिपती आत गेल्यावर इंदुबाई पुन्हा चित्राजवळ बसल्या. ज्याच्या हातून ती मान झाली, ते ओठ झाले, त्याला एक डोळा जड नव्हता. मनात आणलं असतं तर त्याने घटकाभरात केला असता. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि आपल्या मोतीबिंदूच्या डोळ्याने राणीकडे पाहिलं. रेघा गेल्या, रंग गेले. उरली ती मान, हनुवटीची ती मिजास आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. तेवढ्यावरूनही त्यांना कळलं की आपण काढलेला डोळा चढलाय. तांदळाच्या दाण्याएवढा. काढता आला नाही तरी चुकलेला कळतो, हे त्यांना त्या क्षणी समजलं, आणि महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

त्यांनी मऊ फडक्याने तो डोळा पुसला. काजळ सगळं निघालं नाही, पांढऱ्यावर किंचित राखाडी झाक राहिली. महिपतीने ती पाहिली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पाव्हन्यांना सांगाया अजून एक गोष्ट झाली." चार दिवस वालाच्या शेंगा खाऊन इंदुबाई पेणला परतल्या.

कारखान्यात शिरल्या त्या थेट मैनापाशी. "सोनेरी ठेव खाली. खराब नग कुठला हाय?"

सोंड तुटलेला एक गणपती मैनाने आणला. इंदुबाईंनी त्याला खिडकीशी धरलं, कितीदा मान पुढे-मागे केली, आणि उजवा डोळा काढला. त्याला त्यांना पाऊण तास लागला. पूर्वी पाच मिनिटं लागत. मग त्यांनी ब्रश मैनाच्या हातात दिला.

"दुसरा तू काढ."

मैना मागे सरली. "मावशी, एक डोळा काढून उठायचं नाय. तुमीच मारलंय मला त्यापायी."

"मी कुठं उठले? इथंच बसलेय."

"एका मूर्तीला दोन हात?"

"शिकाया हाय ह्यो. काढ."

मैनाने काढला. "करायला गेली गणपती नि झाला मारुती," इंदुबाई म्हणाल्या आणि ओल्या फडक्याने पुसला. दुसरा रागीट झाला, तिसरा झोपाळू. प्रत्येक वेळी त्या एक डोळा झाकून बघत आणि कुठे चुकलं ते सांगत: वर, बाहेर, बुबुळ मोठं. काळुराम दोनदा डोकावून गेला. चार दिवस हे चाललं. शिव्याही भरपूर झाल्या. मैना एकदा रडली, एकदा सुपारी घेऊन बाहेर जाऊन बसली, आणि परत आली.

पाचव्या दिवशी इंदुबाईंनी पुसायला फडकं उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून चांगले नग घे."

दुसऱ्या दिवशी मैनाने पहिल्या खऱ्या मूर्तीला डोळे काढले, दोन्ही, एका बैठकीत. कोणी हाक मारली नाही, भांडं वाजवलं नाही. झाल्यावर ती बाजूला झाली आणि सगळे इंदुबाईंकडे बघू लागले. त्या उठल्या, समोर गेल्या, मग पाच पावलं मागे आल्या. डावीकडे सरकल्या, उजवीकडे सरकल्या. मत्सर वाटत होता, तो त्यांनी स्वतःपाशी कबूल केला. आणि आनंदही वाटत होता, तो जास्त होता.

"कसे आलेत, मावशी?" काळुरामने विचारलं.

"मी हलले तरी माझ्याकडंच बघतोय."

मैना एकदम खाली वाकली आणि त्यांच्या पाया पडली. इंदुबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेल्या, पाटावर बसल्या आणि रुंद ब्रश मागून घेतला. पीतांबराच्या रंगाची वाटी पुढे आली. पिवळा रंग मात्र त्यांना अजून लख्ख दिसत होता.