विहिणीच्या पंगतीची कॅसेट

डोंबिवलीत विमलाबाईंना ओळखणारे सगळे म्हणायचे, बाई गरीब स्वभावाची. गरीब स्वभावाची माणसं पोटात काय काय साठवून ठेवतात, हे म्हणणाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? विमलाबाईंनी आपल्या विहीणबाईंना साठवून ठेवलं होतं.

मुलीच्या, संचिताच्या लग्नाला तीस वर्षं होत आली होती. त्या लग्नात विहिणीची पंगत होती. वरमाईला या पंगतीला बोलवायला मुलीच्या बापाने स्वतः जायचं असतं, हातात नारळ घेऊन. विमलाबाईंचे यजमान गुणाजी गेलेही होते. पाटाभोवती रांगोळी काढता काढता विमलाबाईंनी त्यांना वरपक्षाच्या खोलीकडे जाताना पाहिलं होतं. थोड्या वेळाने विहीणबाई आल्या, पाटावर बसल्या आणि चांगल्या पोटभर जेवल्या. पण पुढे आयुष्यभर ही बाई ज्याला त्याला सांगत राहिली, "व्याही फार ताठ हो. पंगतीला बोलवायलासुद्धा आले नाहीत. मीच अपमान गिळून जाऊन बसले."

या एका खोट्यापायी संचिताच्या दिवाळ्या सासरी गेल्या, बाळंतपणही तिथेच झालं. चार वर्षांपूर्वी गुणाजी हॉस्पिटलात पडून होते. दार वाजलं की संचिता आली का म्हणून विचारायचे. तेव्हा विहीणबाईंनी सुनेला ऐकवलं की ते मला बोलवायला आले नव्हते, मग मी तुला का पाठवू? संचिता आली ती बाप गेल्यावर. रडून झाल्यावर ती आईला म्हणाली, "बाबांनी तेव्हा थोडं वाकायला हवं होतं गं."

ते वाक्य विमलाबाईंच्या काळजात रुतून बसलं. पोटच्या पोरीलाही त्या बाईचंच खरं वाटत होतं. विहीणबाईंचं उट्टं काढल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी त्याच दिवशी ठरवलं.

पुरावा घरातच होता. लग्नाची कॅसेट आली तेव्हा गुणाजींनी ती फोटो स्टुडिओत बसून एकट्याने पाहिली आणि घरी आणून आपल्या ट्रंकेत टाकली. पुढे मुलगा संदेश घरात व्हीसीआर घेऊन आला तेव्हाही त्यांनी ती बाहेर काढली नाही. मी बोलवायला गेलेलो त्यात दिसतोय, एवढं सांगायचे. पण मी असेपर्यंत ती लावायची नाही, पोरीला तिथे नांदायचंय, असंही बजावायचे. आता ते नव्हते आणि ट्रंकेची किल्ली विमलाबाईंच्या कनवटीला होती. फक्त माळ्यावरच्या व्हीसीआरने कधीच राम म्हटलेला, आतलं रबर वितळून त्याचा डिंक झाला होता.

एवढ्यात घोडबंदर रोडवरून नातीचा, सान्वीचा फोन आला. विहीणबाईंची पंचाहत्तरी करायची होती, सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, सगळ्या नातेवाइकांसमोर. तिथल्या मोठ्या टीव्हीवर जुने फोटो दाखवायचे होते. आईच्या लग्नाचं काही आहे का, असं तिने बिचारीने सहज विचारलं. आहे की, विमलाबाई म्हणाल्या, मी घेऊनच येते.

संदेशने सुचवलं की ठाण्यात एक जण कॅसेटचं सगळं पेनड्राइव्हमध्ये घालून देतो. विमलाबाईंनी ते साफ धुडकावलं.

"हल्ली मोबाइलवर मेलेली माणसं नाचवतात. ती म्हणेल, हे तुम्ही बनवून आणलंत. मला तीच कॅसेट लावायचीय, तिच्या समोर, मशीनमध्ये घालून."

यात वेडेपणा होता, पण चूक नव्हती. मग मायलेक मशीनच्या मागे लागले. कल्याणच्या भंगारवाल्याकडे एक मिळालं. विमलाबाईंनी हुशारीने आधी सत्यनारायणाच्या पूजेची कॅसेट घालून बघितली, तर मशीनने ती चावून शेवयांसारखी बाहेर काढली. खोपटला एकाच्या घरी दुसरं सापडलं. त्यात चित्र येई आणि आवाज गायब होई, शेवटी चित्रही जाई. बाकी ज्यांना विचारावं ते हसत. विमलाबाई प्रत्येक हसणाऱ्याच्या वाट्याचा राग विहीणबाईंच्या खाती जमा करत होत्या.

शेवटी त्यांनी कॅसेटवरचं पिवळं पडलेलं लेबल वाचलं. शूटिंग करणाऱ्याचं नाव होतं दगडू, गाव खडवली. लग्न तिकडच्याच हॉलमध्ये झालं होतं. दोघं खडवलीला गेले, तर दगडू होता, म्हातारा झालेला, आणि त्याचा व्हीसीआरही होता. बायकोच्या हळदीची एक कॅसेट त्याच्याकडे होती. बायको गेल्यापासून तो ती अधूनमधून लावून बसायचा, म्हणून मशीन त्याने जिवापाड जपलं होतं. विमलाबाईंनी मशीन मागितलं आणि कशाला हवंय तेही लपवलं नाही. दगडूने कॅसेट हातात घेऊन लेबलावरचं आपलं नाव वाचलं.

"मशीन न्या, वहिनी," तो म्हणाला. "पण आधी इथे एकटीने बघून घ्या."

विमलाबाईंना ते पटलं नाही. ती कॅसेट त्यांना पहिल्यांदा बघायची होती ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत. हा घास त्यांनी इतकी वर्षं राखून ठेवला होता, तो खडवलीत उष्टा करायचा नव्हता. त्यांनी मशीन साडीत गुंडाळून घेतलं आणि उठल्या.

पंचाहत्तरीला क्लब हाऊस भरून गेलं होतं. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं, पेढे वाटून झाले. विहीणबाई शाल पांघरून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारच्या बाईला सांगत होत्या, "याच हो त्या माझ्या विहीण. यांचेच यजमान पंगतीला बोलवायला आले नव्हते." विमलाबाई गोड हसल्या. संदेशने वायरी जोडल्या, कॅसेट आत सरकवली आणि पडद्यावर मांडव उभा राहिला.

आधी अक्षता, मग हार. लोक आपापले तरुण चेहरे ओळखून हसू लागले. विमलाबाई विहीणबाईंच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. ते तोंड पांढरं पडलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ती वेळ आली. त्यांनी पडद्याकडे मान वळवली.

गुणाजी नारळ घेऊन दारात उभे होते, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी हात जोडले. कॉटवर बसलेल्या विहीणबाईंनी मान फिरवली. त्यांनी पुन्हा हात जोडले, काहीतरी बोलले. विहीणबाईंनी बोटाने आपल्या पायांकडे दाखवलं. गुणाजींनी एकदा मागे वळून पाहिलं, बायको बघत नाही ना म्हणून असेल. मग टोपी काढली, खाली वाकले आणि ती विहीणबाईंच्या पायांवर ठेवली. विहीणबाई शेजारणीकडे बघून हसल्या. उठताना गुणाजींना कॅमेरा दिसला आणि त्यांनी हात हलवून तो बंद करायला सांगितलं. दगडूने केला नव्हता.

म्हणून ट्रंक, म्हणून कुलूप. जे गुणाजींनी जन्मभर बायकोपासून लपवलं, ते तिने आज चारचौघांत मांडलं होतं. आपणच त्यांना दुसऱ्यांदा वाकवलं, असं विमलाबाईंना वाटलं आणि संदेशला बंद कर म्हणायला त्या उठू लागल्या.

"बंद करा ते," विहीणबाईच म्हणाल्या. जावई प्रशांत लगबगीने उठला, पण त्याच्याआधी संचिता मशीनपाशी पोचली होती. तीस वर्षांत सासूला उलट शब्द न बोललेली ती पोर मशीनसमोर जमिनीवर बसली आणि तिने रिवाइंडचं बटण दाबून धरलं.

चित्र उलटं धावू लागलं. पायांवरची टोपी उचलली गेली आणि गुणाजींच्या डोक्यावर जाऊन बसली. वाकलेले गुणाजी सरळ झाले. जोडलेले हात सुटले. ते मागे मागे सरकत दारात आले, आणि तिथे, ताठ उभे असताना, संचिताने चित्र थांबवलं.

"आता सांगा सगळ्यांना," ती सासूकडे वळून म्हणाली, "बोलवायला कोण आलं नव्हतं?"

विहीणबाईंनी काही उत्तर दिलं का, त्यांचं तोंड कसं झालं, हे विमलाबाईंना पुढे कुणीकुणी रंगवून सांगितलं. त्या स्वतः त्या तोंडाकडे बघायच्याच विसरल्या होत्या. त्या दारातल्या गुणाजींकडे बघत होत्या.