दादांची फुलपाखरं आणि वहिनींची चादर

माझे थोरले बंधू निवृत्त झाले आणि फुलपाखरांच्या मागे लागले. भर दुपारी शेवंतीच्या वाफ्याशी पालथे पडून ते अगदी जवळून फोटो काढत. सूर्य पाठीशी हवा, हे त्यांनी ऑफिसातले ग्रुप फोटो काढताना पक्कं केलेलं. त्यामुळे अर्ध्या फोटोंत फुलपाखरावर दादांच्याच डोक्याची सावली पडे आणि उरलेल्यांत पंख उन्हाने पांढरेफटक दिसत. वहिनींनी एकदा तरी "छान" म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा. वहिनी प्रत्येक फोटो नीट न्याहाळत आणि म्हणत, "फूल चांगलं आलंय."

परवा वहिनींना दादांच्या तापलेल्या टकलाची काळजी वाटली. दोरीवरची पांढरी चादर आणून त्या ती दोन्ही हातांनी दादांच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या.

"अगं, सरक ना! ऊन अडतंय."

"अडू दे. चक्कर आली तर उचलणार कोण? भावोजी?"

मी पेपरात डोकं खुपसलं.

चादरीतून गाळलेला मऊ उजेड फुलपाखरावर पडला. ते पंख पसरून निवांत बसलं होतं. दादांनी श्वास रोखून बटण दाबलं. या फोटोत पंखावरची बारीकशी नक्षीसुद्धा स्पष्ट उमटली.

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. दादा निकाल लागायचा असल्यासारखे समोर उभे.

"छान आलाय," वहिनी म्हणाल्या. "पण माझे हात भरून आलेत हो. उद्यापासून चादर भावोजी धरतील."