वनजाने कापलेला पत्रा

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा पत्रा आहे. एका निळ्या मोटारीच्या बॉनेटखाली, हवेच्या फिल्टरशेजारी मी उभा असतो. इंजिनाची धग फिल्टरपर्यंत पोचू द्यायची नाही, एवढेच माझे काम. माझी गोष्ट मी शांतपणे सांगावी असे पुष्कळांना वाटते. मला ते जमणार नाही. मी रागावलेला आहे, आणि माझ्या रागाला कारण आहे.

पूर्वी मी बन्नूर ते म्हैसूर धावणाऱ्या एका बसच्या अंगावर होतो. उसाने भरलेल्या गाड्या आमच्या बसला घासून जात, त्याचे ओरखडे अजून माझ्या पाठीवर आहेत. बस मोडीत निघाली आणि मी भंगाराच्या ढिगात पडलो. पावसात भिजलो, उन्हात तापलो. कुत्री माझ्या सावलीत झोपत. आपले आयुष्य इथेच संपले असे मला वाटत होते.

तिथून मला वनजाने उचलले.

वनजा म्हैसूरच्या चामराजपुरममध्ये आई भागीरथीबाई आणि थोरला भाऊ तुकोजी यांच्याबरोबर राहते. टी. नरसीपूरच्या एका शाळेत ती गणित शिकवते आणि रोज निळ्या मोटारीने ये-जा करते. तुकोजीला गाड्यांचा भारी शौक. शौकिनांच्या एका क्लबाचा तो सभासद. गाडीचा आवाज दमदार यावा म्हणून त्याने एकदा फिल्टरची मूळची बंद पेटी काढून फेकून दिली आणि तिच्या जागी उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला. आवाज आला खरा, पण फिल्टर इंजिनाच्या अगदी शेजारी उघडाच राहिला. इंजिन आपलीच तापलेली हवा ओढू लागले. रेल्वे फाटकाशी गाडी थोडा वेळ थांबली की पुढे तिचा दम जाई. मागचे ट्रक भोंगे वाजवत. शाळेला उशीर झाला की बोलणी वनजा खाई.

"अण्णा, ती जुनी पेटी परत आण की," ती म्हणाली.

"सुम्ने, उगाच कटकट करू नको गे. गाडीतलं तुला काय कळतं?" तुकोजी म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला.

वनजाने शाळेतला तापमापक आणून फिल्टरशेजारी बांधला. बाहेर साधे ऊन होते आणि फिल्टरपाशी हवा भट्टीसारखी. म्हणून ती भंगारवाल्याकडे आली आणि तिने ढिगातून मला ओढून काढले.

मला घडवायला तिला कितीतरी संध्याकाळी लागल्या. आधी तिने मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून नमुना केला. तो बॉनेटला अडला. दुसरा केला, तो पाइपापाशी तोकडा पडला. तिसरा बरोबर बसला, तेव्हा तो माझ्यावर ठेवून तिने खिळ्याने रेघ मारली. कातरीने मला कापताना माझी धार तिच्या अंगठ्यात शिरली.

"अय्यो! रक्त बघ किती! कशाला गे तुला ही पुरुषांची कामं?" भागीरथीबाई ओरडल्या.

"पुरुषांनी केली असती तर मी कशाला केली असती, आई?" वनजा म्हणाली. अंगठ्याला चिंधी बांधून ती पुन्हा बसली.

मागच्या अंगणातल्या कडप्प्याच्या कडेवर ठेवून लाकडी हातोड्याने तिने मला वाकवले. कानशीने माझ्या कडा घासल्या. पाइपासाठी भोक पाडले. वरच्या कडेला रबराची पट्टी बसवली, म्हणजे बॉनेट बंद झाले की गरम हवेला फट राहू नये. माझी एक बाजू बॅटरीच्या जाड तारेजवळून जाते. तिथे तिने दुहेरी रबर लावले आणि मी जराही हलू नये म्हणून त्या बाजूला एक जादा बोल्ट घातला. पुढच्या दिव्याशेजारच्या जाळीतून येणारी बाहेरची हवा मी फिल्टरकडे वळवू लागलो, आणि इंजिनाची धग माझ्या पाठीवर घेऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी गाडी बराच वेळ उभी राहिली. फाटक उघडले, वनजाने पाय दाबला आणि गाडी सरळ पुढे झेपावली. ती एकटीच मोठ्याने हसली. मित्रांनो, बसच्या अंगावर असताना माझ्यासाठी कोणी हसले नव्हते. त्या दिवशी मला कळले की आपण कोणाच्या तरी कामाचे आहोत.

पण हे सुख फार टिकले नाही.

एका रविवारी मैदानावर क्लबाचा मेळावा होता. तुकोजी निळी गाडी घेऊन गेला, वनजाही बरोबर होती. बॉनेट उघडले तशी माणसे जमली. क्लबाचे चिटणीस श्रीनिवासराव वाकून मला न्याहाळू लागले. कडा चाचपल्या, पाइपाभोवतीची जागा पाहिली.

"यारु माडिद्दु? कुणी केलं हे? फार सुबक आहे."

"मीच, सर," तुकोजी म्हणाला. "घरी, सुट्टीच्या दिवशी."

वनजा तिथेच उभी होती. चिंधी सुटली होती, पण अंगठ्यावरचा व्रण ताजा होता. तिने भावाकडे पाहिले. चारचौघांत भावाचा अपमान नको म्हणून ती गप्प राहिली. मी थरथरत होतो, पण पत्र्याचे थरथरणे कोणाला ऐकू जाते? लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुकोजीने मान तुकवून त्या घेतल्या.

घरी आल्यावर ती बोलली. "अण्णा, तू खोटं का सांगितलंस?"

"अगं, घरातल्या घरात तुझं काय नि माझं काय? एवढ्याशा पत्र्यासाठी भांडतेस?"

एवढासा पत्रा! एवढासा होता तर स्वतःच्या नावावर कशाला घेतलास, असे मला ओरडून विचारावेसे वाटले.

पुढे क्लबातल्या मित्रांना मला हातात घेऊन पाहायचे होते. तुकोजीने मला गाडीतून काढले. काढताना घाईत रबराच्या पट्ट्या उपटल्या. मित्रांना दाखवून झाल्यावर रात्री जेवण थंड होईल म्हणून त्याने मला कसेबसे जागेवर टेकवले. बॅटरीकडचा जादा बोल्ट घातला नाही. दुहेरी रबर लावले नाही. बॉनेट आपटले आणि हात धुतले. वनजाला एक शब्द सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वनजा आईला घेऊन टी. नरसीपूरला निघाली. भागीरथीबाईंना तिथल्या नद्यांच्या संगमावर स्नान करायचे होते. वरुणा गाव मागे पडले आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी मी हलू लागलो. प्रत्येक धक्क्याला माझी उघडी कड बॅटरीच्या तारेवर घासत होती. मित्रांनो, तिला सुखरूप न्यावे म्हणून मी घडलो होतो, आणि मीच करवतीसारखा तिच्या जिवावर उठलो होतो. थांबायचे म्हटले तरी मला धरून ठेवणारा बोल्टच नव्हता. तारेचे आवरण फाटले. ठिणगी उडाली. काळा धूर उठला.

"वनजा, वास कसला गे येतोय?"

"आई, उतर! आधी उतर!"

तिने गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवली, आईला ओढून उसाच्या बांधाशी बसवले आणि परत धावत आली. बॉनेट उघडताच धूर तिच्या तोंडावर आला. गाडीच्या दाराच्या कप्प्यातला पाना घेऊन तिने बॅटरीची दुसरी तार सोडवली. ठिणग्या थांबल्या, पण पहिल्या तारेचे वितळलेले आवरण तिच्या तळहाताला चिकटले आणि कातडे सोलून निघाले. भागीरथीबाई बांधावरून सगळे पाहत होत्या.

आणि तुकोजी काय म्हणाला? गाडी ओढून घरी आणली तेव्हा शेजारी जमले होते. त्यांच्यासमोर तो म्हणाला, "मी सांगत होतो, हिनं तो पत्रा लावायलाच नको होता. अर्धवट ज्ञान! आईला जाळलं असतं हिनं."

टाळ्या पडल्या तेव्हा मी तुकोजीचा होतो. धूर निघाला तशी मी वनजाचा झालो. इंजिनाची धग मी रोज सोसतो, पण त्या वाक्याने मी जसा पेटलो तसा कधीच पेटलो नव्हतो.

पट्टी बांधलेल्या हाताने वनजाने मला बाहेर काढले, काजळी पुसली, नवे रबर लावले, नवी तार घातली. सगळे बोल्ट आवळले, पुन्हा एकदा आवळून पाहिले. पुढच्या मेळाव्याच्या सकाळी तिने किल्ली उचलली.

"मी पण येते," भागीरथीबाई म्हणाल्या.

"आई, तू कशाला?"

"गाडीत मी बसले होते. मलाच बोलायला पाहिजे."

मैदानावर तुकोजी मित्रांबरोबर आधीच आला होता. गाडी पाहून त्याचा चेहरा उतरला. वनजाने बॉनेट उघडले. श्रीनिवासराव जवळ आले आणि म्हणाले, "तुकोजी, हाच का तो? यानंच गाडी पेटली म्हणे?"

"हा माझ्या मुलीनं केलाय," भागीरथीबाई पुढे होऊन म्हणाल्या. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "हिचं रक्त मी पाहिलंय. माझ्या मुलानं तो काढला आणि धड लावला नाही. राहिलेलं रबर आणि बोल्ट त्याच्या खिडकीतून मी माझ्या हातानं उचलले. हिनं मला वाचवलं, सर. पोटच्या पोराविरुद्ध बोलते आहे मी. खोटं कशाला बोलू?"

तुकोजी जमिनीकडे पाहत होता. तसाच तो पुटपुटला, "हिनंच केला. मी... घाईत लावला."

मग वातावरण हलके करावे म्हणून तो कसनुसा हसला, पुढे आला आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात त्याने माझ्या कडेवर हात ठेवला. "झालं ते झालं. आता सरांना दाखवू या, कसा बसवलाय ते."

"हात काढ," वनजा म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. तुकोजीने हात मागे घेतला.

मित्रांनो, तुम्हीही कोणाची ना कोणाची वस्तू कधीतरी उघडाल, सोडवाल, हातात घ्याल. ती परत लावताना तिचा एकही बोल्ट विसरू नका, कारण त्या बोल्टाच्या भरवशावर कोणीतरी आईला घेऊन निघालेले असते. आणि ती कोणी घडवली असे लोकांनी विचारले, तर घडवणाऱ्याचे नाव सांगा, तेही त्याच्या देखत आणि टाळ्या पडण्याआधी.