टबात उभं राहून

"अहो, टबात उभं राहून सदरा काढा!" मी ओरडले. आमचे हे अंगणातच सदरा झटकायला निघाले होते.

"वहिनी, कपड्यांचं राहू द्या," भाऊजी म्हणाले. "दादाला सांगा, पंप बंद कर. डिझेल पिऊन पिऊन तो आता आपल्यालाच गिळायला बसलाय."

सोन्याची खाण आमची स्वतःची. सुरुवातीला दगडात सोन्याची शीर लागली ती मनगटाएवढी. तेव्हा मी गमतीनं गावभर उठवून दिलं, की आमच्या कोंबडीच्या पोटात सोन्याचा खडा निघाला. उपवर मुलीला येतात तशा मागण्या आल्या उरलेल्या कोंबड्यांना! नफ्यातून यांनी मोठा पंप घेतला, आणखी खोल गेले. शीर बोटाएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग गायबच. पाणी तेवढं वाढत राहिलं. पंप थांबला की खाण बुडालीच.

"शीर वळलीय, मेलेली नाही," हे म्हणाले. "अजून थोडं खाली जाऊ."

"आणि डिझेल कुठनं आणणार, दादा?"



मी आतून डबा आणला. यांच्या कपड्यांना दगडाची भुकटी चिकटून यायची. टबातलं धुण्याचं पाणी निवळू देऊन मी तो गाळ वर्षानुवर्षं साठवला होता. त्यातून निघालेला बोराएवढा सोन्याचा गोळा यांच्या हातावर ठेवला.

"हे कुठलं गं?"

"माहेरचं नाही. तुमच्याच घामातलं!"

हे हसले. कित्येक महिन्यांनी.

त्या गोळ्यावर पंप आणखी काही दिवस चालला. खाली नुसता पांढरा दगड लागला. शेवटी यांनीच जाऊन पंप बंद केला. भाऊजींना हात लावू दिला नाही.

घरी येऊन हे नेहमीसारखे ओरडले, "चहा टाक गं!" पंपाच्या धडधडीत आम्ही इतकी वर्षं ओरडूनच बोलत आलो होतो. त्या दिवशी दोघंही दचकलो. मग हे अगदी हळू म्हणाले, "टाकतेस ना?"

आता खाण काठोकाठ भरलीय. हे लाकडाच्या वखारीवर पहारा करतात. संध्याकाळी येतात ते अंगभर भुसा घेऊन. मी काही म्हणत नाही. हेच कोपऱ्यातला टब ओढतात, त्यात उभे राहतात आणि जरासुद्धा बाहेर सांडू न देता, सावकाश सदरा काढतात.